साडूंचा कन्सोल

सर्व्हिस सेंटरमधले सगळे त्यांना भिंगोजी म्हणत. डोळ्याला भिंग लावून एकदा बसले की उठायचे ते थेट जेवणाच्या सुट्टीला. बिघडलेले गेम कन्सोल दुरुस्त करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. रस्त्यापलीकडे, दारासमोर दार, दुसऱ्या कंपनीचं सेंटर होतं. दोन्ही कंपन्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकीचा गेम दुसरीच्या कन्सोलवर चालायचा नाही, एकीची वायर दुसरीला लागायची नाही. आणि त्या समोरच्या सेंटरात दुरुस्तीला बसायचे भिंगोजींचे साडू.

दुपारी दोघं मागच्या जिन्यात डबे उघडत. डबे दोन सख्ख्या बहिणींनी भरलेले, त्यामुळे चवीवरून वाद घालायची सोय नव्हती. मग कन्सोलवरून घालत.

"तुमच्या पंख्याचा आवाज म्हणजे पिठाची गिरणी," साडू म्हणायचे.

"गिरणी तर गिरणी, चालते ना? तुमचं मशीन तासाभरात इतकं तापतं की वर कपडे इस्त्री करून घ्यावेत."

असंच भांडताना एकदा साडूंनी खोक्याचा पुठ्ठा पुढे ओढला आणि पेन्सिलीने एक चौकोन काढला. "समजा, दोन्ही कंपन्यांनी मिळून एकच कन्सोल काढला, तर?"

भिंगोजी आधी हसले. मग त्यांनीच पेन्सिल घेतली. कंट्रोलर साडूंच्या कंपनीचा, कारण तो हातात बसतो. बटणं मात्र भिंगोजींच्या कंपनीची, ती झिजत नाहीत. गेम कुणाचाही चालेल. आणि झाकण गोंदाने चिकटवायचं नाही. चार साधे स्क्रू, कुणालाही उघडता यावेत असे. दोन वर्षं हा उद्योग चालला. पुठ्ठे भरत गेले.

साडूंचा हात चित्राला चांगला होता. खरं तर सगळ्यालाच चांगला होता. भिंगोजींनी हात टेकलेला एखादा बोर्ड रिकाम्या डब्यात लपून रस्ता ओलांडायचा आणि दुसऱ्या दिवशी जिवंत होऊन परत यायचा. हे भिंगोजींना पक्कं ठाऊक होतं. बोलून मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही.

एका सोमवारी दोन्ही सेंटरांत एकच पत्र आलं. मजकूर शब्दन् शब्द सारखा, फक्त वरचं बोधचिन्ह वेगळं. दोन्ही कंपन्यांनी मिळून दुरुस्तीचं काम एकाच ठेकेदाराला दिलं होतं. महिनाअखेर दोन्ही सेंटरं बंद.

"आल्या बघा शेवटी एकत्र," साडू म्हणाले. कुणालाच हसू आलं नाही.

आठवड्याने ठेकेदाराच्या ऑफिसातल्या बाईंनी भिंगोजींना बोलावलं. "जागा एकच आहे," त्या म्हणाल्या. "समोरच्यांना तुम्ही ओळखता. खरं सांगा, तुमच्या दोघांत जास्त कसबी कोण?"

भिंगोजींना वाटलं होतं, उत्तर द्यायला जड जाईल. गेलं नाही. "मी," ते म्हणाले. "ते हुशार आहेत, पण मन लावून करत नाहीत."

दुसरं वाक्य त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

नव्या ठिकाणी दुरुस्ती नव्हतीच. दोन्ही कंपन्यांचे कन्सोल एकाच टेबलावर येत. विकता येईल तो भाग काढून घ्यायचा, बाकीचं चुरा करायच्या यंत्रात टाकायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी दुरुस्त होण्यासारखे अकरा कन्सोल मोडले.

"भाऊजींना ठेकेदाराने भेटायलासुद्धा बोलावलं नाही म्हणे," बायको वाढता वाढता म्हणाली. भिंगोजी खाली मान घालून जेवत राहिले.

तीन महिने त्यांनी ते पोटात ठेवलं. मग एका रविवारी साडूंच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. साडू नुकतेच कामावरून आले होते. गोदामात खोकी उचलायची नोकरी होती, कंबरेला रुंद पट्टा बांधलेला. ते बराच वेळ पट्टाच सोडत राहिले.

"'मी' म्हणालात, त्याचं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "मलाही विचारलं असतं तर मी तेच म्हणालो असतो. पण 'मन लावून करत नाहीत', हे तुम्ही..." पट्टा त्यांनी खुंटीला अडकवला. "चहा घेऊन जा."

चहा झाला. त्यानंतर दोघं भेटत राहिले, पण बोलणं तब्येतीपुढे सरकलं नाही.

वर्षभरात साडूंनी दुसऱ्या गावी जायचं ठरवलं. सामान हलवायला भिंगोजी बायकोला घेऊन गेले. साडू त्यांच्या हातात निवडून निवडून हलकी खोकी देत होते, पाहुण्याला द्यावीत तशी. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला.

परतताना बायको डोळे पुसत म्हणाली, "ताईला इथेच ठेवता आलं असतं, भाऊजींना तुमच्याकडे घेतलं असतं तर."

तेव्हा भिंगोजींनी तिलाही सांगितलं. दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी.

ती भरभर चालू लागली. दोघांत दहा-बारा पावलांचं अंतर पडलं, आणि ते घर येईपर्यंत तेवढंच राहिलं.