पाटाच्या तळातली नऊ पावलं

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. आमची मराठी तंजावरची, तमिळ चालीवर बोलली जाणारी; देवनागरी तर मी कॉलेजात आल्यावर शिकलो. चुका झाल्या तर क्षमा करावी. ज्या म्हाताऱ्या बायका गेल्या, त्यांच्याशी माझं नातंही नव्हतं. नातं आहे ते मामाशी.

आमचं गाव तिरुवैयारुच्या पलीकडे. मामा पाटाच्या दारांवर नोकरीला आहे. पाळीप्रमाणे दारं उघडायची, मिटायची, आणि कुठे काठ फुटलाय का ते बघत रोज पाटाकाठाने चालत जायचं, एवढं त्याचं काम.

पहिली आची, म्हणजे आजी, शेजारच्या गावात मारली गेली, पोंगलनंतर. दुसरी आमच्याच गावात, चैत्रात, भर दुपारी. दोघी एकट्या राहायच्या. दोघींचं मागचं दार पाटाकडे. घरातलं काहीच गेलं नव्हतं, आणि त्याचीच लोकांना जास्त भीती वाटली. बायका दिवसासुद्धा मागच्या दाराला कडी घालू लागल्या. पोलिसांनी विचारलं, या दोन्ही घरांमागून रोज कोण जातं? सगळ्यांनी खरं ते सांगितलं. मामा जातो.

त्याला दोन दिवस ठाण्यात ठेवलं. सोडताना दर शुक्रवारी येऊन सही कर म्हणाले. ज्या घरांतून त्याला हाक मारून ताक द्यायचे, तिथे आता तो दिसला की मुलांना आत बोलवायचे. मामा काठावरून मान खाली घालून जायचा.

पाट तेव्हा कोरडा होता. पण दुसऱ्या खुनाच्या दिवशी सकाळीच वळवाची सर पडून गेली होती आणि तळाचा गाळ ओला झाला होता. नंतर कडक ऊन. चौथ्या दिवशी मी आचीच्या घरामागे पाटात उतरलो, तर गाळात पावलं होती, विटेसारखी वाळलेली. तिच्या दारापासून रस्त्याच्या पुलाकडे गेलेली. मी मोजली, नऊ. चपलेची पावलं. उजव्या टाचेखाली ठिगळ मारलेलं, त्याचे तीन खिळेसुद्धा उमटले होते. मामा पाटात कधी चप्पल घालून उतरत नाही. पाणी असो नसो, काठावर काढून ठेवतो.

मी हवालदाराला घेऊन आलो. त्याने काठावरूनच पाहिलं.

"तंबी, कॉलेजात पावलं मोजायला शिकवतात काय?"

"सार, ही चपलेची आहेत. मामा तर अनवाणी..."

"इथून अख्खं गाव जातं. म्हशीसुद्धा जातात. त्यांचंही नाव लिहू?" तो हसला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "परीक्षा जवळ आली ना? जा, अभ्यास कर."

मी फोनवर फोटो काढले आणि पावलं नारळाच्या झावळ्यांनी झाकली. पोलिसांच्या मोठ्या साहेबांना भेटायला तंजावरला पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी, एका शुक्रवारी, भेट झाली. त्यांनी फोटो नीट पाहिला. "केवढं आहे पाऊल? बाजूला पट्टी का नाही ठेवली? निदान पेन तरी ठेवायचंस." ते म्हणाले, सोमवारी माणूस पाठवतो. मी इतका हुरळलो की बसस्टँडपर्यंत चालतच गेलो. ती चप्पल घालून कोणीतरी अजून फिरतोय, हे मनातच आलं नाही. मला फक्त मामा दिसत होता.

धरणातून पाणी सुटलं होतं. ते मामाच्या पाटाच्या दारापाशी रविवारी सकाळी पोचणार होतं.

मी मामाला म्हटलं, "एक दिवस थांब की."

"टोकाच्या शेतांत रोपं वाळतायत रे."

"एकच दिवस, मामा. सोमवारी ते येतायत. तुझंच नाव सुटेल यातून."

"आणि मी पाणी अडवलं तर काय म्हणतील? कधी नाही ते याने आजच दार का मिटून ठेवलं? हे बघ, मी काही केलेलं नाही. मग रोजच्यासारखंच वागायला नको?"

रविवारी सकाळी त्याने काठावर चपला काढल्या, दाराला हळदकुंकू लावलं आणि चाक फिरवलं. लोकांनी पाण्यात फुलं टाकली. मामाजवळ मात्र कोणी उभं राहिलं नाही. पाणी मातकट, फेसाळ, चालत्या माणसाच्या वेगाने आलं. झावळ्या आधी उचलल्या गेल्या.

सोमवारी साहेबांचा माणूस खरंच आला. कमरेएवढं पाणी बघून परत गेला.

मामाच्या सह्या चालूच राहिल्या. दर शुक्रवारी सकाळी जायचा, दुपारपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवायचे. त्याच्या बदलीसाठी गावाने अर्ज दिला, तेव्हा त्यावर आमच्या शेजाऱ्यांचीही नावं होती.

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, एका शनिवारी कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत अम्माचा फोन आला. मामाला आता सहीला यायला नको म्हणून सांगितलंय, म्हणाली. मी बाकावरून उठून उभाच राहिलो. असं कसं अचानक, विचारलं.

अम्मा म्हणाली,

"पापनाशमकडे अजून एक आची गेली रे. काल सकाळी. मामा तेव्हा ठाण्यात बसलेला होता."