टिकलीपर्यंत पाणी

आधीच सांगते, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि आता त्या कामात केस पांढरे व्हायला लागलेत. दिवसभर लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजायच्या. आकडा पटला नाही तर पुन्हा मोजायच्या. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चवीनं वाचते, पण वाचताना मनात हेच चालू असतं... अहो मांजर असेल, वारा असेल, घरातलंच कुणीतरी असेल. आता हसायची पाळी तुमची. हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

सुरुवात झाली माझ्या नवऱ्याच्या हौसेपासून. संजय वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला आहे. जायच्या-यायच्या वेळात मोबाइल बघून बघून त्याला खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियमचं वेड लागलं. साधी गोल्डफिशची टाकी नव्हे हं — रीफ टाकी. मीठ कालवून केलेलं समुद्राचं पाणी, समुद्रातले दगड, दगडांवर वाढणारी जिवंत प्रवाळं, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते क्लाउनफिश. मी म्हटलं, अरे बाबा, मे महिन्यात इथं माणसं उकडून निघतात, तू समुद्र कुठं आणतोस? पण ऐकेल तर तो संजय कसला! त्यानं धुळ्याची एक जाहिरात शोधून काढली. जुनी तीन फुटी टाकी, माशांसकट, 'चांगल्या घरी द्यायची आहे'. टाकी देतायत की मुलगी, असं मी म्हटलंसुद्धा.

धुळ्याला देवपुरात नाना राहायचे. एकेकाळी त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, आता वय झालेलं, हात थरथरायचे. घरात एकटेच. टाकी त्यांच्या बायकोची, अक्कांची. मुलाकडे पुण्याला गेल्या असताना एका दुकानात त्यांनी हे मासे पाहिले आणि तिथून हलेचनात, म्हणून मुलानं घेऊन दिली. गल्लीतले लोक हसले, धुळ्यात समुद्र आणला म्हणून. पण अक्कांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. मोठ्या मादीचं नाव ठमाबाई, तिच्यामागे फिरणाऱ्या बारक्या नराचं गंपू. आदल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. नानांना पाण्याचे कॅन उचलवेनात, मुलगा पुण्याला बोलावत होता, म्हणून टाकी द्यायची.

सामान भरायला घेतलं. पाणी कॅनमध्ये काढलं, दगड ओल्या गोणपाटात गुंडाळले, मासे झाकणाच्या बादलीत. गाडी सुरू झाली तेव्हा नाना खिडकीशी आले आणि बादलीकडे बघत म्हणाले, "सांभाळ गं पोरी." संजयला नाही, मला! माझा काडीचा संबंध नव्हता त्या टाकीशी. पारोळा, एरंडोल करत घरी पोचेपर्यंत मी ती बादली मांडीत धरून बसले होते.

आणि मग नेहमीचंच. हौस ह्यांची, निस्तरायचं मी.

पहिल्याच दिवशी मी काय केलं, तर टाकीची काच ब्लेडनं खरवडून लख्ख केली. उजव्या कोपऱ्यात बाहेरून एक बारीकशी मरून टिकली चिकटलेली होती. बायका आरशाला लावून ठेवतात तशी. मी तीही काढली आणि केरात टाकली.

संध्याकाळी दिवेलागणीला नानांचा फोन आला. मासे कसे आहेत, खाल्लं का, आणि मग — "पाणी टिकलीपर्यंत ठेवा हं. ती खूण अक्काची आहे. पाणी बरोब्बर त्या उंचीला असलं की मिठाचं प्रमाण बिघडत नाही, असं तिचं मोजमाप होतं."

मी नुसतं हो नाना, हो नाना करत राहिले. मग अंदाजानं लॅबच्या मार्करनं काचेवर रेघ मारली आणि गप्प बसले.

त्या दिवसापासून नानांचा फोन रोज यायचा. ती त्यांची आणि अक्कांची माशांना खाऊ घालायची वेळ. सुरुवातीला मला वैताग यायचा, ऐन कणीक मळायच्या वेळी फोन. पण मी नवशिकी आणि शिकवणारे तेच. टाकीवर लावलेल्या पंख्यांच्या वाऱ्यानं ती गार राहते, पण पाणी भराभर उडतं, रोज जवळपास एक पाच लिटरचा कॅन. मी शहाणी, तेवढं मीठ कालवलेलंच पाणी वरून ओतत राहिले. मापून बघितलं तर खारटपणा चढलेला (हे मोजायचं यंत्र म्हणजे लॅबमध्ये लघवीची घनता बघायचं असतं त्याच जातीचं, त्यामुळे ते तरी मला शिकवावं लागलं नाही). नानांना सांगितलं तर खूप दिवसांनी हसले असावेत. म्हणाले, "पोरी, मीठ काय उडी जास का?" म्हणजे, मीठ काय उडून जातं का? डाळ आटली की खारट होते, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! तेव्हापासून रोज वरून गोडं पाणी. तरी आकडा हवा तिथं येत नव्हता, थोडा कमीच राहायचा. टिकली असती तर, असं रोज वाटायचं.

नाना काही पुण्याला गेले नाहीत. आज जातो, उद्या जातो. एकदा त्यांच्या मुलाचा मला फोन आला. बाबा जेवत नाहीत, दाराला कडीसुद्धा लावत नाहीत, मध्ये न्हाणीत पडले, तुमच्याशी रोज बोलतात तर तुम्ही तरी सांगा. मी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "मी दार लायी गऊ आन् ती उनी ते?" म्हणजे, मी दार लावून गेलो आणि ती आली तर? मी गंपूनं आज काय काय खाल्लं ते सांगत बसले. पण तेव्हाच मला कळलं की या दोन माशांना काही झालं तर तो म्हातारा त्या घरात एकटाच झुरून जाईल. त्यांना फोनवर सांगायला रोज काहीतरी जिवंत हवं होतं.

ऐन मे महिन्यात सुरतेहून फोन आला. संजयच्या मोठ्या भावाला हार्ट अटॅक. आम्ही दोघं मिळेल त्या गाडीनं निघालो. निघताना मी गोड्या पाण्याचे कॅन भरून टाकीखाली ओळीनं ठेवले आणि किल्ली शेजारच्या शबानाभाभींना दिली. रोज एक कॅन, मार्करच्या रेघेपर्यंत, चिमूटभर खाणं. भाभी म्हणाल्या, बेफिकर जा.

सुरतेला पार घाण्याला जुंपल्यासारखे दिवस गेले. आयसीयूबाहेर बसायचं, डबे पोचवायचे. माझा मोबाइल तिथं पडून फुटला, संजयच्या मोबाइलवर सगळा गोतावळा. संध्याकाळी मात्र मी त्याचा फोन घेऊन नानांना लावायची आणि सांगायची, मजेत आहेत दोघं. भाभी बघतायत म्हणजे असतीलच की.

भाऊजी धोक्याबाहेर आले तशी मी एकटी परत निघाले. दुरुस्त झालेला मोबाइल गाडीत चालू केला, तर भाभींचे मेसेज एकाखाली एक. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अब्बूंची तब्येत बिघडली, त्या नशिराबादला माहेरी गेल्या, आणि घाईत आमची किल्ली पर्समध्येच राहिली. फोन लागत नाही, संजयभाईंना या वेळी माशांचं कसं सांगू, मला माफ करा.

नंदुरबार गेलं, अमळनेर गेलं, मी खिडकीबाहेर बघत नुसती रडत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं हो? मासे, असं कसं सांगायचं! मेमधलं बंद घर. पाणी फिल्टरच्या नळीखाली गेलं की मोटार कोरडी फिरते आणि बंद पडते. मग हवा नाही, उरलेलं पाणी तापलेलं, मिठाचा काढा झालेला. मला नक्की माहीत होतं आत काय असणार. आणि संध्याकाळी नानांचा फोन येणार होता.

दुपारी रिक्षातून उतरले तर भाभी दारातच उभ्या. मी येतेय हा गाडीतून पाठवलेला निरोप मिळाल्याबरोबर नशिराबादहून धावत आलेल्या, डोळे सुजलेले. आम्ही दोघी कुलूप काढून आत गेलो. घर भट्टीसारखं तापलेलं, फरशीवर धूळ.

आणि फिल्टरचं पाणी पडत होतं. झुळझुळ... झुळझुळ.

टाकी भरलेली होती. ठमाबाई काचेशी आली, मागून गंपू. प्रवाळं फुललेली. मी खाली बसले. भाभी काहीतरी पुटपुटत होत्या, मग म्हणाल्या, "दीदी, ये तुमने लगाई क्या?"

उजव्या कोपऱ्यात, बाहेरून, मरून टिकली.

पाणी बरोब्बर तिथपर्यंत. माझ्या मार्करच्या रेघेच्या बोटभर खाली. मी आधी यंत्र काढलं, हो, अशा वेळीही, सवय. थेंब टाकून बघितलं. इतके दिवस जो आकडा मला जमत नव्हता तो होता. म्हणजे माझी रेघच चुकलेली होती.

भाभी टिकली लावत नाहीत. मी लावते ती लांबट, काळी. आणि एक राहिलंच. टाकीखाली एकही कॅन नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर फडकं अंथरलेलं, आणि त्यावर सगळे कॅन धुऊन, पालथे घालून, बुचं शेजारी मांडलेली. मी आयुष्यात कॅन पालथा घातलेला नाही, संजयचं तर बोलायलाच नको. भाभींनी पहिल्या दिवशी एक रिकामा केला होता तो टाकीपाशीच सोडला होता, त्यांना पक्कं आठवतं.

खिडक्या आतून बंद होत्या. दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक भाभींच्या पर्समध्ये. मी सगळं तपासलं, अगदी गच्चीचं दारसुद्धा.

दिवेलागणीला नानांचा फोन आला. सुरतेला गेल्याचंही मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं — टिकली मीच खरवडून टाकली होती इथपासून. शेवटी त्यांनी विचारलं, "कॅन कसे ठेवले होते?"

कॅनचं तेवढं मी अजून बोललेच नव्हते.

"पालथे," मी म्हटलं. "फडक्यावर."

नाना म्हणाले, "ती तठे शे मंग. मी आठे उगाच वाट देखी ऱ्हायनू." ती तिकडे आहे तर, मी इथं उगाच वाट बघतोय. मला रडू फुटलं. पण ते रडत नव्हते. आवाज मोकळा झाला होता, ओझं खाली ठेवल्यावर होतो तसा.

पुढच्या रविवारी नाना एसटीनं जळगावला आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, चपचपीत भांग. संजय सुरतेहून परतला होता. त्यानं टाकीसमोर खुर्ची ठेवली आणि आम्ही दोघं आत गेलो. दुपारभर ते तिथं बसले होते. मध्येच हळू बोलल्याचा आवाज यायचा, अहिराणीतच. एकदा तर हसण्याचा. चहा द्यायला गेले तेव्हा ते खुर्चीतच गाढ झोपले होते. मी चहा परत नेला.

निघताना म्हणाले, पुण्याचं तिकीट काढलंय, घराला कुलूप लावून आलो. मी नमस्काराला वाकले. त्यांनी शर्टाच्या खिशातून टिकल्यांचं एक पाकीट काढलं, अर्धं वापरलेलं, मरून, बारीक. माझ्या हातात ठेवत म्हणाले, "उन्हाळ्यात पडून जाते ती. बदलावी लागते. असू दे इथंच, तिला लागेल."

आता नाना पुण्यात आहेत. जेवतात, नातवाला शाळेत सोडतात. फोन अजून रोज येतो, कणीक मळायच्याच वेळी. स्पष्टीकरण म्हणाल तर माझ्याकडे काही नाही. संजय म्हणतो, भाभींनीच पाणी टाकलं असेल आणि घाबरून विसरल्या. भाभी कुराणाची शपथ घेतात. मी दोघांशीही वाद घालत नाही.

पाकीट टाकीच्या झाकणावर ठेवलंय. मी त्याला हात लावत नाही. काचेवरची टिकली मधूनमधून नवी दिसते, आणि पाकीट पहिल्यापेक्षा पातळ झालंय, एवढं हातात न घेताही कळतं. लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजून माझा जन्म चाललाय, पण त्या पाकिटात टिकल्या किती उरल्या हे मी मोजत नाही. संपत आल्यासारखं वाटलं, तेव्हा फक्त बाजारात जाऊन तसंच एक नवीन पाकीट आणून शेजारी ठेवलं.