चन्नम्माची चूल आणि साहेबांची कवळी

"चूल इझवू? आन् उद्या गिऱ्हाइकाच्या ताटात काय तुजं त्वांड वाढू व्हय रं?" चन्नम्मा तव्यावरची भाकरी उलटत लेकाला म्हणाली.

"अव्वा, माजी मंत्री चहाला यायलेत. धूर झालाय घरभर!"

"मग येऊ दे की. धूर काय त्येंचं मत मागतोय?"

शुक्रवार पेठेत चन्नम्माची कडक भाकरी लई नावाजलेली. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. नवरा गेल्यावर ह्याच चुलीवर तिनं लेकाला, शिवशरणला, शिकवून कारकून केलं. आता कारकुनाला चुलीची लाज वाटायला लागली. अठ्ठ्याहत्तर सालच्या पंधरा ऑगस्टला हे माजी मंत्रीसाहेब शाळेत भाषणाला आले, तेव्हा त्यानं बेत रचला. म्हातारी आपलं ऐकत नाही; साहेबांच्या तोंडून चूल बंद करवायची.

साहेब स्वातंत्र्य, स्वावलंबन आणि चिकाटी यांवर घसा बसेपर्यंत बोलून आले होते. घरात टेकले आणि शिवशरणच्या खुणेसरशी म्हणाले, "बाई, जन्मभर राबलात. आता चूल सोडा, स्वातंत्र्य भोगा."

"भोगती की. आदी खाऊन तर बगा." तिनं भाकरी, शेंगाचटणी आणि वाटीभर दही पुढं सरकवलं.

साहेबांचा हात निघाला तोच त्यांच्याबरोबर आलेला चिटणीस धावला. "नको साहेब! मऊ भातच द्यायचा, असं सूनबाईंनी बजावलंय."

साहेबांनी हात मुकाट्यानं मागं घेतला.

"अगं बया!" चन्नम्मा म्हणाली. "मगाशी कर्ण्यावर गुलामी गेली म्हनत हुता. ती तुमच्याच सैपाकघरात जाऊन बसलीया व्हय?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी भाकरी उचलली आणि कचकन चावली. वरची कवळी सटकून थेट दह्यात.

चिटणीस ताट उचलायला वाकला, तर साहेबांनी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"दातांचं काम न्हाय त्ये," चन्नम्मा दुसरी वाटी देत म्हणाली. "चुरा, भिजवा, दम धरा. चिकाटी म्हनत हुता न्हवं?"

साहेबांनी कवळी पुसून खिशात टाकली आणि बोळक्यानं दोन भाकऱ्या चाटूनपुसून संपवल्या.

शिवशरण हळूच म्हणाला, "साहेब, ते चुलीचं..."

"पेटती राहू दे," साहेब बोळकं पुसत म्हणाले. "आणि मला डझनभर बांधून द्या. घरी मात्र कुणी बोलू नका."

मोटार गेली. चन्नम्मानं फुंकणी उचलली.

"हुबा काय ऱ्हायलास रं? जळान दे हिकडं."

आणि ती पुढची भाकरी थापायला बसली.