रबराच्या सुरकुत्या

मलकपेठला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई कधीकाळी सिरियलमध्ये नायिका होती. चहासुद्धा ती नळीनं पिते. "ओठांना रेघा पडतात हो, वहिनी," म्हणते. हसायचं झालंच तर तोंड न हलवता घशातून 'हं हं' करते. कपाळात इतक्या सुया टोचून घेतल्यात की सासूच्या तेराव्यालाही ते इस्त्री केल्यासारखं सपाट होतं.

परवा तिला सिनेमा मिळाला, तोही किळसवाणा. तरुण राहायचं औषध घेऊन जिवंतपणी सडत जाणाऱ्या नटीचा. मेकअपवाल्यांनी अर्धा दिवस खपून तिच्या तोंडावर रबराच्या सुरकुत्या चिकटवल्या. एवढ्या हौसेनं घालवलेल्या सुरकुत्या अशा परत आल्या! आणि बिल्डिंगला घाबरवायचं म्हणून बाईसाहेब तशाच तोंडानं घरी आल्या.

आमचा म्हातारा वॉचमन काही घाबरला नाही. उलट खुर्चीतून उठून अदबीनं म्हणाला, "अम्मा, भौत दिनां बाद अच्छे दिख रैं आप."

तिनं तिथंच उभ्यानं गालावरचं रबर ओरबाडून काढलं. खालून तो गुळगुळीत चेहरा निघाला. रागावली असेल, कदाचित रडलीही असेल. चेहऱ्यावरून कळायची सोय तिनं ठेवलेली नाही.