भाकऱ्यांवरची शिरगणती

मोहोळकडच्या आमच्या गावात पीकपाणी लिहायला येणारे कारकूनच शिरगणतीला येत. माणसं मोजली की दृष्ट लागते, असं बायका मानत. म्हणून ते उंबऱ्याबाहेर टेकून विचारत, "आक्का, भाकरी किती जनांची थापता?"

त्या साली पाऊस हुकला आणि निम्मं गाव सोलापूरच्या गिरण्यांत गेलं. शेजारच्या सुनेच्या नवऱ्याची तर वर्षभर खबर नव्हती.

ती म्हणाली, "चौगांची."

सासू करवादली, "तिगंच हाय की आपून!"

"त्यांचीबी रोज थापते की मी. न्हाय लिवलं तर त्ये न्हाईतच म्हनायचं का?"

गावात नसलेला माणूस लिहायचा नाही, असा नियम होता. कारकुनांनी शांतपणे चार लिहिले. मी शेजारीण म्हणून अंगणात उभी होते; नियमाची आठवण दिली, तर मान वर न करता ते म्हणाले, "ऊन लई हाय बाई, तुमी सावलीत बसा."