लांब पट्टीवरची हाक

माझ्या मामीचा आवाज टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरात राहत होता. हे लाडाने म्हणत नाही, खरंच सांगते. मामी बसस्थानकावर घोषणा करायची. आयुष्यभर तिने लोकांना योग्य फलाटावर उभं केलं, आणि घरी जेवायला बोलवायची तेही गाडी सुटत असल्यासारखं. मग घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागणार म्हटल्यावर ती रडत बसली नाही, मायक्रोफोनसमोर बसली. रोज लागणारी सगळी वाक्यं स्वतःच्या आवाजात भरून ठेवली. एकेका बटणावर एकेक वाक्य. स्पेसबारच्या लांब पट्टीवर होतं, "अहो, ऐकलंत का?"

ती हाक मामांसाठी. मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. कारखान्यातल्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेलेत, पण ही हाक त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू यायची. "आलो!" म्हणत पेचकस हातात धरूनच यायचे.

पुढे कॉम्प्युटर थकला. विंडोज इतकं जुनं, की दुकानदार ऐकूनच हसला. बटण दाबलं की आवाज यायला वेळ लागायला लागला. एका सकाळी मामीने "दूध उतू जातंय" दाबलं आणि ते वाक्य ऐकू आलं तेव्हा दूध फरशीवर पोहोचलं होतं. मामा हसले. मामी हसली नाही. आज दूध गेलं, उद्या तिचा श्वास अडकला तर? मग मला बोलावणं आलं. मी ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते, त्यामुळे मामांच्या लेखी मी कॉम्प्युटरबाई.

मी आधी नेहमीचे उपाय केले. सुरू होतानाच मागे लागणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले, डबा उघडून धूळ काढली. फरक शून्य. टास्क मॅनेजर पाहिला तर कुणी काही करत नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर. मी डब्याला कान लावला. आतून टक्, टक् येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं.

"मामा, याची दुसरी कॉपी आहे का कुठे?"

"चालत्या मशीनला कशाला हात लावायचा?"

"ही हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. मी बंद करते. उद्या दुसरी डिस्क आणते, सगळं उतरवून घेऊ. तोवर कुणी हात लावायचा नाही."

मामांनी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे मला कळायला हवं होतं. कुठल्याही मशीनवर त्यांचा एकच इलाज: साफ करा, तेल द्या आणि रिकामं जोरात पळवा. अडकलेलं आपोआप सुटतं. शिलाई मशीनची टकटक याने खरंच जाते.

दुसऱ्या दिवशी पोहोचले तर कॉम्प्युटर सुरू, डबा तापलेला आणि पडद्यावर डिफ्रॅग, म्हणजे डिस्कवरचं सगळं उचलून पुन्हा लावणारा प्रोग्रॅम.

"आतलं सामान नीट लावतं म्हणे," मामा खुशीत म्हणाले. "सकाळपासून पळवतोय. बघ, टकटक किती कमी झाली!"

कमी झाली नव्हती. वाढली होती. त्यांना ऐकू येत नव्हती.

"मामा, अहो, मारताय तुम्ही तिला!" मी ओरडले. ते थांबवलं, माझी डिस्क जोडली. एकेक फाईल मुंगीच्या पावलाने सरकत होती. कधी दम तोडेल याचा नेम नव्हता, म्हणून विचारलं, "आधी काय घेऊ?"

मामीने लांब पट्टीवर बोट ठेवलं.

"ते राहू दे गं," मामा म्हणाले. "आधी दुखण्याखुपण्याचं घे. हाक काय, नंतरही घेता येईल."

मामीने पट्टीवरचं बोट उचललं नाही. पण शहाणपण मामांच्या बाजूने होतं, आणि मी शहाण्यासारखं वागले. "दुखतंय" आलं. "श्वास लागतोय" आलं. "डॉक्टरांना बोलवा", "पाणी", "चक्कर येतेय" आलं. मग टकटक थांबली. डब्यावर हात ठेवून बसलेल्या मामांचा चेहरा उजळला. पडदा निळा पडला.

डिस्क वाचवणाऱ्यांनी आत चरे पडल्याचं सांगून हात वर केले.

आता नवा कॉम्प्युटर आहे. बटण दाबताक्षणी बोलतो. मामीच्या आवाजात फक्त दुखणंच बोलतो. दूध नाही, जेवण नाही, हाक नाही. मामांनी दुसऱ्या कुणाच्या आवाजात हाक भरू दिली नाही. जुना कीबोर्ड तेवढा नव्याला जोडून घेतला. त्याची लांब पट्टी खाडकन वाजते. मामी ती दाबते, कॉम्प्युटर गप्प राहतो, आणि आतल्या खोलीतून मामा म्हणतात, "आलो!"

परवा मी तिथेच होते. मामीने पट्टी दाबली. आतून काही आलं नाही. पुन्हा दाबली. मामा दाराकडे पाठ करून मशीनला तेल देत होते. तिसऱ्यांदा तिने मुठीने दाबली, तेव्हा "आलो" आलं.

मामीने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे हात पुढे केला आणि "श्वास लागतोय"चं बटण कुठे आहे ते चाचपून ठेवलं.