मोठा फोटो पाठवा

नांदेडात माझं आणि शकीलभाईचं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, फोटोफ्रेम. फोटो कुणी पेनड्राइव्हवर आणतं, कुणी मोबाइलवर, कुणी रुमालात गुंडाळून. काम झालं की फोटो निघून जातात, किस्से मात्र आमच्याकडंच राहतात. चहाला कुणी बसलं की निघतात एकेक!

*

नायगावच्या एका काकांना वडिलांच्या पंच्याहत्तरीचा बॅनर पाहिजे होता. त्यांनी पाठवलेला फोटो इतका दाबला गेला होता की ताणला की नाकाचे नुसते चौकोन! मी फोन केला, "काका, मोठा फोटो पाठवा."

दुसऱ्या दिवशी काका एसटीतून उतरले ते भिंतीवरची फ्रेमच काखेत मारून.

"ह्याच्याहून मोठा न्हाई बघा आमच्या घरात!"

*

तेव्हापासून मी शहाणा झालो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो टाकला की बारीक होतो, म्हणून हदगावच्या एका गुरुजींना नीट सांगितलं, "सर, डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

"हाव, पाठवतो."

पाच मिनिटांत आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बदलीची ऑर्डर! खाली मेसेज : "अजून कोणतं डॉक्युमेंट लागते?"

शकीलभाईनं फोन घेतला. "सर, अब चेहरा भी भेज दो!"

*

एकदा चूक माझीच. एका लग्नपत्रिकेत दुरुस्त्या येतच राहिल्या. आधी मामाचं नाव, मग आत्याचं. मी मूळ फाइल सोडून दर वेळी तयार जेपीजीच उघडायचो आणि पुन्हा एक्स्पोर्ट करायचो. दर वेळी फोटो अजून दाबला जाऊन थोडा पुसट व्हायचा. नवव्या खेपेला नवरी स्वतः दुकानात आली.

"दादा, लग्नाआधीच नवरदेव पुसून टाकता का?"

*

उदगीरच्या सुमनबाई पन्नाशी उलटलेल्या. त्या दोन वर्षांच्या असताना आई वारली; चेहरा आठवत नव्हता. कुणीतरी फॉरवर्ड केलेला एका लग्नातला ग्रुप फोटो त्यांच्या मोबाइलवर आला. मागच्या रांगेत आई, असं पाठवणाऱ्यानं कळवलेलं. तांदळाएवढा चेहरा.

"एवढीच मोठी करून द्या."

मी फोटो इम्पोर्ट केला, मोठा केला. करड्या चौकोनांपलीकडं काहीच नाही. बाई तरी स्क्रीनकडं बघतच राहिल्या.

शकीलभाईनं खुर्ची पुढं ओढली. "आपा, कागदाचा असली फोटो कुठं हाय?"

"मामाच्या गावी, पेटीत. असंल का न्हाई, काय ठावं."

"एक बार जाऊन तर बघा."

पंधरा दिवसांनी बाई आल्या. वहीच्या दोन पानांत जपून आणलेला फोटो मी स्कॅनरवर ठेवला. जराही न दाबता फाइल सेव्ह केली आणि मोठी करत गेलो. चौकोन आले नाहीत. हनुवटीवरचं गोंदण आलं. विशीतली मुलगी, ओठ दाबून हसू आवरणारी.

सुमनबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. मग स्क्रीनवर बोट टेकवून हळूच म्हणाल्या,

"केस बी नीट इंचरले न्हाईत की पोरीनं!"